नववा अंक

सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस या संख्येवर जीव जडवणारा माणूस अख्ख्या भारतवर्षात एकच झाला, आणि तो आमच्या मावशीचा नवरा होता. वटारला त्यांची केळीची वाडी होती. आम्ही सुट्टीत गेलो की काका पाटाला पाणी सोडता सोडता तिची थोरवी ऐकवत. "मूळ संख्या आहे रे, एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही. बरं, शेवटचा अंक उडव. उरलेलीही मूळच! असं करत करत सात उरतो, तोही मूळ. आहे का अशी गुणाची पोर दुसरी?" मावशी ओटीवरून म्हणे, "पोटची एक आहे, तिच्या लग्नाचं बघा."

कागद काकांना मानवत नसे. बाभळीच्या काट्याने ते हिरव्या केळ्यांच्या सालीवर भागाकार मांडत, आणि ओरखडे काळे पडले की गणित छापल्यासारखं दिसे. एका फणीवर मावलं नाही तर पुढच्या फणीवर. व्यापारी एकदा वैतागून म्हणाला, "काका, गिऱ्हाईक विचारतं, ही केळी खायची की सोडवायची?"

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मात्र या छंदाने घर वेठीला धरलं. मुलीला विरारचा, टपालखात्यातला मुलगा सांगून आला. दोघांनी एकमेकांना पसंतही केलं, आणि काकांनी जाहीर केलं की संख्येच्या शेपटाला नववा अंक जोडून ती मूळ राहते का, हे कळल्याशिवाय मुहूर्त नाही. सम अंक आणि पाच बादच. एक किंवा सात जोडला तर तीनने भाग जातो, एवढं आम्हालाही जमलं. तीन जोडून पाहिला, तोही बाद झाला. नऊ काही केल्या संपेना. मुलाची आई "दुसरीकडे बघू" म्हणू लागली, तेव्हा मावशीने डोळ्यांना पदर लावला. मुलगी तेवढी वडिलांवर रागावली नाही. निमूटपणे ताजे काटे आणून देई.

शेवटी एका रविवारी मुलगा एकटाच आला. मावशीने लगबगीने केळी पुढे ठेवली, ती नेमकी गणिताची फणी. त्याने सोलण्याआधी ती नीट वाचली आणि भीतभीत म्हणाला, "काका, सगळं बरोबर आहे, पण शेवटची वजाबाकी राहिलीय." नखाने त्याने ती तिथेच पुरी केली. बाकी शून्य. म्हणजे नऊही गेला; त्या संख्येपुढे आता काहीच जोडता येणार नव्हतं.

मावशी साखर आणायला आत पळाली. काका उठून पाटाकडे गेले. एवढ्या वर्षांचा ध्यास असा संपला म्हणून मला त्यांची फार दया आली. मी मागोमाग जाऊन विचारलं, "काका, एवढी साधी वजाबाकी कशी राहिली?"

पाण्यात पाय सोडून ते बसले होते. "राहिली नाही रे, ठेवली होती. फणी पिकली की तेच गणित नव्या फणीवर उतरवायचो, शेवटची ओळ सोडून. ती लिहिली असती तर पोरीला तेव्हाच धाडावं लागलं असतं."

मग म्हणाले, "जा, भटजींना निरोप दे." आणि स्वतः तिथेच बसून राहिले.