फादर मथायस आणि आमचा अर्ज

फादर मथायस गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. त्यांच्या मिशनरी संघाच्या वृद्धाश्रमातला सेवक बोलत होता. "मास्तर, फादर पहाटे गेले," एवढंच म्हणाला. मी उरलेली नावं घेतली... मुलं 'हजर' म्हणत राहिली, मला काही ऐकू येत नव्हतं.

धर्मगुरूंच्या एका मिशनरी संघाने त्यांना केरळातून भिवंडीला पाठवलं होतं. भिवंडीजवळच, दिघाशीच्या अलीकडे आमचं गाव. तिथे एका भाड्याच्या खोलीत ते कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणाऱ्या क्षयरोग्यांना रोज समोर बसवून गोळ्या देत. मराठी गावातच शिकले, म्हणून बोलणंही गावचंच, 'हाय-न्हाय'चं. तरी हा माणूस बाटवायला आलाय अशी कुजबुज सुरू झाली, आणि खोली बंद करण्याचा अर्ज ग्रामपंचायतीत गेला. गावात अक्षर चांगलं माझं. अर्ज मी लिहिला, पहिली सहीही माझीच.

खोली बंद झाली. गोळ्यांसाठी शहरात जायचं तर शिफ्ट बुडायची, म्हणून अनेकांनी औषध सोडलं. त्यांत माझा धाकटा भाऊ दिनेश होता. आजार त्याने आमच्यापासून लपवला होता. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा कळलं. मग फादर रोज स्कूटरवरून घरी यायचे, त्याच्या खाटेवर बसून गोळ्या द्यायचे. आम्ही दिनेशचं ताट वेगळं ठेवलं होतं. ते त्याच ताटातली भाकरी मोडून खायचे. पण फार उशीर झाला होता... पावसाळा सरता सरता दिनेश गेला.

बाराव्याला मी त्यांना अंगणात गाठलं. "फादर, तो अर्ज मी लिहिला होता."

"म्हाईत हाय, मास्तर. तुमचं अक्षर मी वळखतो." मग म्हणाले, "आई सकाळपासून जेवली न्हाय. तिच्याकडे बघा."

माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही.

पुढे त्यांची नजर गेली आणि संघाने त्यांना दूरच्या वृद्धाश्रमात हलवलं. फोनवर विचारायचे, "कधी येताय?" मी म्हणायचो, परीक्षा झाल्या की येतो. दोन वर्षं परीक्षा होत राहिल्या... खरं म्हणजे त्यांच्यासमोर बसायचा धीर नव्हता.

अंत्यविधीनंतर सेवकाने त्यांची खोली दाखवली. खाटेला लागून एक रिकामी खुर्ची होती, तिच्या पाठीवर धुतलेला टॉवेल.

"ही कुणाला हलवू द्यायचे नाहीत," तो म्हणाला. "भिवंडीचे मास्तर लांबून येतील, दमलेले असतील, म्हणायचे."

मी त्या खुर्चीत बसलो. समोरची खाट आवरून ठेवलेली होती.