बाई असून ओळख पटेना

इस्पितळाच्या कचेरीत बाईंनी सव्वीस वर्षं डॉक्टरांचे अहवाल टाईप केले. मग संशोधक मंडळी आली. पासवर्ड चोरता येतो, टाईप करण्याची ढब चोरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. कोणत्या अक्षरावर बोट किती रेंगाळतं, यावरून म्हणे संगणक माणूस ओळखणार. नमुने द्यायला सगळ्यांनी अंग चोरलं. बाई तेवढ्या सहा महिने जेवणाची सुट्टी मोडून टाईप करत बसल्या. म्हणजे त्या ठोंब्याला शिकवलं कुणी? बाईंनीच.

पुढे जिन्यावरून पडून बाईंचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण दोन बोटं आखडली ती आखडलीच. कामावर रुजू झाल्या, तर पडद्यावर अक्षरं आली, ‘ओळख पटली नाही.’ दहा वेळा टाईप केलं, दहाही वेळा तेच. शेवटी बाईंनी कचेरीच्या साहेबांना बोलावलं.

“अहो साहेब, मी धडधडीत समोर बसलेय की!”

“दिसताय हो. पण नियम आहे. शनिवारपर्यंत ओळख पटली नाही, तर तुम्हाला जुन्या फायलींच्या खोलीत बसवावं लागेल.”

संशोधकाला फोन केला, तर तो म्हणाला, “पूर्वीसारखं टाईप करून बघा ना.” बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पूर्वीसारखं करायला हात पूर्वीचा नको?

शेजारच्या टेबलावर त्यांची धाकटी जाऊ बसायची. तिला टाईपिंग बाईंनीच शिकवलेलं, घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. शनिवारी तिला राहवेना. “ताई, सरका बघू जरा,” म्हणत तिनं बोटं चालवली आणि संगणक उघडला. वर बाईंच्या नावानं स्वागतही झालं!

आता तरी या संशोधकांची जिरली, असं बाईंना वाटलं. संशोधक धावत आला. त्यानं जावेकडून पाच वेळा टाईप करून घेतलं आणि हरखून गेला. “शिकवणाऱ्याची ढब शिकणाऱ्याच्या हातात उतरते! यावर शोधनिबंधच लिहितो. आमची दुरुस्ती होईपर्यंत वर्ष जाईल, पण काय सापडलंय!”

“आणि माझं काय?” बाईंनी विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसला. “यांना उघडतंय ना? मग तोवर यांनाच बसवू तुमच्या जागी. काम अडायला नको.”

जाऊ रडकुंडीला आली. “ताई, मी मुद्दाम नाही हो केलं.”

“माहितेय गं. इतकं नीट शिकवायलाच नको होतं मी तुला,” बाई बोलून गेल्या. त्या बोलण्याची त्यांना लगेच इतकी लाज वाटली, की पर्स उचलून मागे न बघता त्या फायलींच्या खोलीकडे चालू लागल्या.