राखेवरची रेघ

आमच्या आळीत तेव्हा वीज आली नव्हती, पण शेजारच्या काकींची रातराणी अख्ख्या रत्नागिरीला पुरेल एवढी फुलायची. दोन घरांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा, त्याला टेकूनच ती वाढलेली. बहर ओसरला की काकी कोयतीने फांद्या छाटत, मुळाशी मासे धुतलेलं पाणी ओतत. फुलांच्या वासाने लांबडं येतं, असं सगळे बजावायचे. दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणायचीही आमच्याकडे भीती.

काकींनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. तिन्हीसांजेला झाडाखाली चुलीतली राख चाळून पसरायची आणि सकाळी वाकून बघायचं. रेघ दिसली त्या दिवशी झाड तोडीन, असं त्यांनी मला कबूल केलं होतं. रोज गडग्यावरून हाक यायची, "आज कोण आला नाय गो!" ती ऐकूनच मी माझ्या रांगत्या मुलीला पडवीत सोडायची.

एका सकाळी मुलीला कडेवर घेऊन त्यांच्याआधी मीच गडग्याशी गेले. राखेत नागमोडी रेघ होती, थेट आमच्या बाजूला आलेली. काकी आल्या, वाकल्या आणि पायाने राख सारखी केली. मान वर केली तर समोर मी.

"मांजार आसंल," त्या म्हणाल्या, आणि तापलेल्या पोरावरून फिरवावा तसा रातराणीवरून हात फिरवला.

याआधी किती सकाळी ती राख अशी सारखी झाली असेल, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मुलगी मात्र कडेवरून पडवीत उतरायला धडपडत होती.