बोटीतली लिंगपूजा

माझ्या भावाने हौसेने अख्खी बोट ठरवली होती. बोट आपल्या एकट्यांची, वाटेल त्या बेटावर उतरायचं, वाटेल तेव्हा निघायचं. अंदमानात लोक काय काय करतात हे त्याने मोबाइलवर बघून ठेवलं होतं. आमच्या आईचं काय करायचं हे मात्र मोबाइलमध्ये नव्हतं.

आई मूळची उदगीरची, लग्न होऊन देगलूरला आली. गळ्यात इष्टलिंग, चांदीच्या करडगीत, म्हणजे छोट्या डबीत. रोज अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं, आणि मगच तोंडात पाणी. तापातसुद्धा तिने हे मोडलेलं नाही. रेल्वेत खिडकीशी बसून ती पूजा उरकते, त्यामुळे आम्हाला त्याचं कधी ओझं वाटलं नाही. त्या दिवशी तिची अंघोळ झाली आणि लगेच हॉटेलच्या दारात गाडी आली. पहिल्या बेटावर सावलीत बसून पूजा करू, असं भाऊ म्हणाला आणि आम्हा दोघींनाही पटलं. बेट म्हणजे आमच्या लेखी पुढचं स्टेशन. गाडी थांबणार, आपण उतरणार.

बोटवाला आंध्राकडचा निघाला. आईने देगलूरच्या बाजारातली तेलुगू काढून त्याला घरदार, लेकरंबाळं सगळं विचारून घेतलं. त्यानेही तिला सगळ्यात मऊ जागा दिली आणि स्वतः तिच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले. किनारा दिसत होता तोवर मला मजा वाटत होती. तो दिसेनासा झाला तसा मी कठडा घट्ट धरला. आमच्या तिघांपैकी कुणालाच पोहता येत नाही. नळाला कधी पाणी येईल याची वाट बघण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी असल्या ठिकाणी यावंच कशाला, असं मी भावाला बोलूनही दाखवलं. तो फोटो काढत होता.

पहिलं बेट आलं, पण बोटवाला काही बोट लावेना. लाटा किनाऱ्यावर आदळत होत्या. इथे उतरवलं तर बाई पडतील, पुढच्या बेटावर जाऊ, ते तासाभरावर आहे, असं तो म्हणाला. ऊन चढलं होतं. आईला उपाशीपोटी ओकाऱ्या सुरू झाल्या. ओठ पांढरे पडले, मान एका बाजूला कलायला लागली. मी बाटली तोंडाला लावली तर तिने दात घट्ट मिटून घेतले. भावाचा कॅमेरा केव्हाच खिशात गेला होता. तो नुसता आई, आई करत होता. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हट्टाने मरेल ही बाई, आणि तेही आमच्या डोळ्यांदेखत, असं वाटलं.

"आई, इथंच कर पूजा," मी म्हणाले. "बोटीतच कर."

तिने डोळे उघडून होकाराची मान हलवली. बोट थांबवली तर जास्तच हलेल, म्हणून बोटवाल्याने वेग कमी करून बोटीचं तोंड लाटांकडे वळवलं. आईने जॅकेटचे पट्टे सोडले, कारण त्याखालून करडगी निघत नव्हती. मी तिच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि तिच्या डाव्या हाताखाली माझ्या दोन्ही हातांची ओंजळ धरली. भावाने तिला मागून धरलं. तळहातावर ते जांभळाएवढं काळं लिंग ठेवून तिने विभूतीचं बोट टेकवलं, तोच बोट एका अंगावर कलली. भाऊ बाजूला फेकला गेला. लिंग तिच्या हातावरून, माझ्या ओंजळीच्या कडेवरून खाली पडलं आणि मागच्या बाजूला घरंगळत निघालं. तिकडे शिडी लावायला कठडा मोकळा ठेवला होता.

आईने त्याच्यामागे झेप घेतली. जिला मान धरवत नव्हती, ती बाई अशी सुटली की मला काही कळेना. हात लांबवला असता तर लिंग मला सापडलं असतं. मी आईची कंबर धरली. दोन्ही हातांनी धरली आणि तिच्यासकट फळ्यांवर आडवी झाले. लिंग बोटवाल्याच्या पायाशी दोराच्या वेटोळ्यात अडकून थांबलं. त्याने घाईघाईने दोन्ही पाय वर घेतले. आपला पाय लागू नये एवढं त्याला न सांगता कळलं.

आईने सरकत जाऊन ते उचललं, कपाळाला लावलं आणि मूठ मिटूनच पूजा पुरी केली. मग पाणी प्याली, बाटली संपेपर्यंत. माझा जीव भांड्यात पडला होता, पण तिचा चेहरा काही मला आवडला नाही. ती माझ्याकडे रागाने बघत होती.

"आधी लिंग धरायचं व्हतं," ती म्हणाली.

"मला तू पायजे व्हतीस."

"अन् ते गेलं असतं तर? मी अन्नपाणी घेतलं असतं व्हय? मग काय धरून ठिवलंस तू?"

ती हे ओरडून बोलली नाही. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तशा सुरात बोलली, आणि म्हणूनच मला ते खरं वाटलं. गुरूकडून दुसरं घेता येतं, असं भाऊ चाचरत म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या ध्यानात आलं, तिची झेप घाबरून घेतलेली नव्हती. लिंग गेलं तर आपणही जायचं, हे तिचं आधीच ठरलेलं होतं. कधीपासून ठरलं होतं कुणास ठाऊक, आणि आम्ही मात्र इतकी वर्षं तिच्या पूजेला सवय म्हणत आलो.

पुढचं बेट समोर दिसायला लागलं होतं, तरी मी बोटवाल्याला मागे वळायला सांगितलं. भावानेही वाद घातला नाही. आईने करडगी बंद केली, पदराखाली सारली, आणि मी तिच्या जॅकेटचे पट्टे पुन्हा आवळले. परतीचं पाणी अजूनच खवळलेलं होतं. मी तिचा हात धरून बसले होते. मग तो सोडला, आणि जॅकेटखाली जिथे करडगी होती, तिथे वरून माझे दोन्ही तळवे दाबून धरले. बोट धक्क्याला लागेपर्यंत मी तिथून हात काढले नाहीत.