दोन प्लेटींचा फोटो

रसायनमुक्त शेतीच्या आमच्या मोहिमेचं पत्रक हिंदीत होतं, कारण इंदूरजवळच्या बेटमा गावात वाटायचं होतं. मथळा माझा : 'यूरिया बंद, रोग बंद.' खाली दोन फोटो. एका प्लेटीत बुरशी कापसासारखी दाट, दुसरीत विरळ, पसरट. पहिलीखाली 'यूरिया के साथ', दुसरीखाली 'यूरिया के बिना'. फोटो मी मामेबहिणीच्या लॅबमध्ये मोबाइलवर काढले होते. हरभरा वाळवणाऱ्या बुरशीवर ताईची पीएचडी चालू आहे. तिला विचारलं नाही. डोळ्यांना दिसत होतं, विचारायचं काय?

वाटपाच्या आदल्या दिवशी, जुनी इंदूर भागातल्या तिच्या घरी, तिने पत्रक वाचलं.

"दोन्ही प्लेटींत खाणं सेम आहे. नायट्रेटमधलं नत्र. युरिया कुठेच नाही."

"मग ही मरतुकडी का?"

"तिचा एक जीन मी बिघडवलाय. नायट्रेट पचवायचं एन्झाइम तिला बनवताच येत नाही. भंडाऱ्यात बसलीय आणि उपाशी."

"म्हणजे नत्र मिळालं नाही की बुरशी कमजोर. मी तेच लिहिलंय."

"तसं नाही ना यार. धडधाकट बुरशीचं सोपं नत्र संपलं की असे जीन जागे होतात. मग मिळेल ते पचवते. युरियापासून मातीत होतो तो अमोनिया भरपूर असला तर ते बंद पडून असतात. हरभऱ्याच्या मुळात घुसायचा जोर पण कधीकधी उपासातच येतो."

"मग युरिया चांगला?"

"मी असं म्हटलं?"

"मग शेतकऱ्यांना सांगू काय?"

"माहीत नाही. मी प्लेट बघते, शेत नाही." मग हळूच म्हणाली, "माझं काम अजून कुठे छापलेलं नाही. पहिल्यांदा छापलं ते तुझ्या पत्रकात, आणि तेही खोटं."

'माहीत नाही' म्हणणाऱ्यांना मी आजवर खत कंपन्यांना विकले गेलेले समजत आले. ताई विकली गेलेली नाही, तिच्या स्कूटीचा आरसासुद्धा टेपने चिकटवलेला आहे. राग आला, पण कुणावर काढायचा ते कळेना.

दोघींनी काळ्या मार्करने एकेका पत्रकावरचे फोटो काळे केले. मथळ्यावर मार्कर नेला आणि मी थांबले. हा खोटा आहे का? ताईने खांदे उडवले. तसाच ठेवला.

बेटम्यात एका काकांनी पत्रक उन्हात धरलं. "मैडम, ये काला क्यों कर दिया?"

"फोटो गलत था. मैंने बिना पूछे छापा."

"और ऊपर जो लिखा है?"

हजारदा ओरडलेली घोषणा होती ती.

"पक्का नहीं पता," मी म्हणाले.

काकांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं. "तो पता करके आना. चना तो हमको बोना ही है."