अप्पांनी लिहून दिलेला दोष

तुमच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाविषयी तुम्ही कधी खरं लिहून दिलंय का? चांगलं नव्हे, खरं. तीन वर्षं मी असं लिहून देणारं माणूस शोधत होते, आणि एकच भेटलं. पाथरीतल्या डाळमिलचे मालक, बसवअप्पा. महिन्यापूर्वी ते गेले. त्यांच्या सूनबाईंचा, अनिताताईंचा फोन आला तेव्हा मी परदेशात वर्गात बसले होते. बाहेर येऊन तो घेतला. "अप्पा गेले गं. शेतात समाधी द्यायलेत," एवढंच त्या बोलल्या. मला पोचता येणार नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं...

आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी कामगार संघटनेची पत्रकं यायची. वडील ती वाटायचे, मी घड्या घालून द्यायचे. 'मालक' या शब्दाचा अर्थ मी त्या पत्रकांतूनच शिकले. त्यामुळे अप्पांच्या मिलमध्ये देखरेखीची नोकरी धरली तेव्हा विभूतीचे पट्टे ओढलेल्या त्या कपाळाकडे मी संशयानेच बघायचे. तिथं चार वर्षं काढल्यावर वाटायला लागलं, की डाळ निवडणाऱ्या बायांनी स्वतःची मिल का चालवू नये? पण घोषणा देऊन मिल चालत नाही, धंदा शिकावा लागतो. परदेशातल्या एका बिझनेस स्कूलमध्ये शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळू शकतो असं समजलं आणि मी अर्ज करायचं ठरवलं. "शेठ व्हायला निघालीस व्हय?" वडिलांनी विचारलं. तरी मी अर्ज भरायला घेतला. देवगाव फाट्यावर गाड्या बदलत इंग्रजीची परीक्षा दिली, निबंध लिहिले. राहिलं शिफारसपत्र. ते वरिष्ठाने स्वतः लिहायचं, अर्जदाराला न दाखवता पाठवायचं, आणि त्यात अर्जदाराचा एक दोषही सांगायचा.

अप्पांनी मराठीत लिहायचं आणि शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या अनिताताईंनी त्याचं भाषांतर करून पाठवायचं, असं ठरलं. काही महिन्यांनी नकार आला. मग अप्पांनीच मोठ्या अभिमानाने सांगितलं, की त्यांनी माझ्याविषयी किती चांगलं लिहिलं होतं. घराणं खानदानी. मुलगी शांत. वर मान करून बोलत नाही. दोष म्हणाल तर एकही नाही. परगावचं माणूस पोरीची चौकशी करायला आलं की शेजारीपाजारी जे सांगतात, अगदी तेच. अप्पांनी माझी सोयरीक जमवायला घेतली होती.

"वर मान करून बोलत न्हाई? मी?" माझा आवाज चढला.

"मंग काय सांगू माय? भांडखोर हाय म्हणू? परक्यापुढं आपल्या पोरीचं वंगाळ बोलतंय का कुणी?"

ते खरोखरच गोंधळले होते. मीच रागावून निघून आले.

दुसऱ्या वर्षी जुन्या कॉलेजातल्या एका सरांकडे गेले. ते प्रेमाने म्हणाले, तूच लिहून आण, मी सही मारतो. दुसरीकडे गेले, तिथंही हेच. आपल्याकडे याला मदत म्हणतात. मी याला न बघणं म्हणते. माणूस वर्षानुवर्षं आपल्यासमोर राबतो, शिकतो, चुकतो, आणि त्याच्याविषयी चार ओळी लिहिण्याइतकंही आपण त्याच्याकडे बघितलेलं नसतं. स्वतःचं कौतुक लिहून दुसऱ्याच्या सहीनं पाठवणं मला जमलं नाही. मुदत उलटली. तत्त्व राखलं आणि वर्ष घालवलं... त्या दिवशी मी रडलेही.

तिसऱ्या वर्षी अप्पांनीच विषय काढला. "त्यो फारम औंदा बी येतो का?" मी मान डोलावली. "पर त्येंना दोष कशाला पाह्यजे?" काय लिहायचं ते मी सांगणार नव्हते. एवढंच म्हणाले, की अप्पा, त्यांना सून न्यायची नाही. काम चालवणारं माणूस पाहिजे, आणि ते अडचणीत कसं वागतं हे त्यांना बघायचंय. अप्पांनी समोरच्या ढिगातली मूठभर तूर उचलली आणि तिच्यातले खडे वेचायला लागले.

त्या वर्षी प्रवेश मिळाला. अप्पांनी सगळ्या बायांना पेढे वाटले. काय लिहिलं होतं, असं मी कितीदा तरी विचारलं. "त्यात तुझं कमी, माझंच जास्त हाय," म्हणून त्यांनी विषय बदलला.

मागच्या आठवड्यात अनिताताईंनी अप्पांच्या हातच्या त्या मराठी कागदाचा फोटो पाठवला. आता वाचायला हरकत नाही, म्हणाल्या. अक्षर मोठं, वाकडंतिकडं, शेवटी नमस्काराऐवजी त्यांचं नेहमीचं 'शरणार्थ'...

"हिचा दोष सांगतो. ही भांडते. आमच्या मिलमधी बायांसाठी संडास नव्हता. जावं लागू नये म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नव्हत्या. मला माहीत होतं. हिनं दोनदा सांगितलं, मी हसण्यावारी नेलं. मंग हिनं समद्या बायांना घेऊन काम बंद पाडलं. मी आठ दिवस हिच्याशी बोललो न्हाई. आता संडास हाय. पर भांडल्याबिगर मला ऐकू आलं न्हाई, त्यो दोष हिचा न्हाई. शरणार्थ."

एका कागदाने बायांची ती तहानेची वर्षं भरून निघत नाहीत, आणि अप्पांनीही तसा दावा केलेला नाही. पण माझं पारडं जड करायला त्यांनी स्वतःची लाज साता समुद्रापार, अनोळखी माणसांपुढे लिहून पाठवली. मालक असंही लिहू शकतो, हे आमच्या कुठल्याच पत्रकात नव्हतं. चूक पत्रकांची नाही. असं लिहिणारे मालक फार थोडे.

म्हणून एक मागणं आहे. ताडकळसची असो की पाथरीची, एखादी मुलगी किंवा मुलगा शिफारस मागायला तुमच्या दारात येईल, तेव्हा 'तूच लिहून आण' म्हणू नका. त्यांना चहा द्या, घरी पाठवा, आणि मग एकट्याने बसून स्वतःच्या हातानं लिहा. लिहिताना स्वतःचा एखादा दोष समोर आला, तर तोही खोडू नका.