मावशी मोठ्यानं विचारायची

दुपारचा चहा पिऊन कलावती मावशी जी आडवी झाली ती उठलीच नाही, असा अफजलपूरहून काकांचा, तिच्या यजमानांचा, फोन आला, त्याला आता दीडेक महिना होईल. हृदय थांबलं म्हणे.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. तिला मूल नव्हतं. अंगावरून फार जातं म्हणून लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिची पिशवी काढली होती, एवढंच आम्हाला ठाऊक.

मी नववीत असताना ती निंबर्ग्याला आमच्याकडे आली होती. पाळीमुळं शाळा बुडवून मी निजून होते. उठलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. आईला त्याचं नवल नव्हतं. "आपल्यात सगळ्यांलाच असं जातंय अक्का," ती दबक्या आवाजात म्हणाली. ओसरीवर माझे वडील, अप्पा, बसलेले, तरी मावशीनं आवाज खाली आणला नाही. "किती घंट्याला पॅड बदलायलीस गं? गाठी पडायल्यात का?" मी तोंड भिंतीकडं केलं. पण पाळी संपेपर्यंत ती राहिली, आणि रोज विचारत राहिली.

नंतर तिनंच मला बसनं सोलापूरला नेलं. "जरा जास्त जातं," मी डॉक्टरबाईंना म्हणाले. "जरा न्हाई बाई," मावशी म्हणाली, "तासाभरात भिजतंय. रातीला अंथरूण खराब होतंय. आठवडा सरला तरी थांबत न्हाई. गाठी तर रुपयाहून मोठ्या." डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं. "हे नेहमीचं नाही," त्या म्हणाल्या. "नाकाचा घोळणा फुटतो? घरात आणखी कुणाला असं?"

"हिच्या आईला, आमच्या आईला... आन् मला."

तपासण्या झाल्या. अंगात रक्त फार कमी होतं, आणि ते नीट गोठतही नव्हतं. आमच्यात आईकडून लेकीकडं आलेला दोष. लोहाच्या आणि त्या दिवसांपुरत्या घ्यायच्या, रक्त जाणं कमी करणाऱ्या गोळ्या मिळाल्या.

"ह्या गोळ्या माझ्या वक्ताला होत्या का?" मावशीनं विचारलं.

"होत्या."

"मंग माझी पिशवी कामून काढली?"

"तुम्हाला तेव्हा हे सगळं कुणी विचारलं नसेल..."

"न्हाई," मावशी म्हणाली. "कुणी काईच विचारलं न्हाई."

परत आल्यावर बसमधून उतरताना ती एवढंच म्हणाली, "तुझी ऱ्हायली, बास."

पुढं लग्नघर असो की बारसं, फिकट चेहऱ्याची पोर दिसली की ती विचारायचीच. पोरी पळायच्या, बाया हसायच्या. दोघीतिघी मात्र दवाखान्यात जाऊन आल्या. माझी मुलगी आता तिसरीत आहे. बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सगळं माहीत होतं, म्हणून ते सुखरूप झालं.

मावशीच्या दिवसकार्याला आम्ही अफजलपूरला गेलो. बाहेर पुरुषांची पंगत बसली होती. काकांची पुतणी वाढता वाढता दाराला धरून उभी राहिली, ओठ पांढरे पडलेले. मी उठणार तोच माझी आई, जन्मभर हा विषय कुजबुजत बोललेली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अंगावरून लई जायलंय का गं तुझ्या?"

पोरीनं बाहेर पाहिलं. मग मान हलवली.

"बैस हितं," आई म्हणाली, आणि सरकून तिला जागा केली.